पॅराशूटची घडी

आमच्या गल्लीतले चाचा दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. त्यांना पायलट केलं मात्र मी. सरकारने नव्हे! युद्धानंतर चाचांनी जन्मभर मंडपाचा धंदा केला, कुणाशी फार बोलले नाहीत. मग बोलायचं काम मी घेतलं. चहाच्या टपरीवर उभं राहून मी त्यांना ब्रह्मदेशच्या जंगलावर घिरट्या घालायला लावायचो, शत्रूची तीन विमानं पाडायचो. ऐकणारे वाढले की चौथंही पडायचं.

ही कीर्ती नगरच्या एका शाळेत पोचली. या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी सत्कार ठरवला आणि ओळख करून द्यायला मलाच बोलावलं. रिक्षात मी हळूच म्हणालो, "चाचा, आज तुम्ही पायलट आहात."

"मी? अरे, मी पॅराशूटच्या घड्या घालायचो. तुला ठाऊक हाय की!"

"तासाभराचा प्रश्न आहे. माझी अब्रू जाईल."

"तुझीच ना? मग जाऊ दे."

सभागृह पोरांनी गच्च. मी ओळख करून दिली, अर्धी गिळून. तरी पहिल्या रांगेतल्या मुलीने विचारलंच, "आजोबा, तुम्ही किती विमानं पाडली?"

"एक बी न्हाई, बेटा. विमानात बसायचे ते दुसरे. कुणी बॉम्ब टाकायचे, कुणी वरून फोटो काढायचे. मी खाली, लांबलचक टेबलापाशी."

कुजबुज सुरू झाली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे.

चाचा उठले. टेबलावरचे हारतुरे बाजूला करून त्यांनी टेबलक्लॉथ ओढला आणि घडी घालू लागले. ऐंशी उलटलेले ते हात! प्रत्येक चुणी तळव्याने सपाट करायची, बोटं फिरवून पीळ शोधायचा, मगच पुढची. मागची पोरं बाकांवर चढून बघू लागली.

"एक पीळ राहिला की वरचा माणूस दगडासारखा खाली. म्हणून घडी घालणाऱ्याने पॅराशूटच्या चिठ्ठीवर सही करायची. आमचा साहेब सकाळी यायचा, कुठल्याही पॅराशूटवर बोट ठेवायचा. ही सही कुणाची? चल, पाठीवर बांध, बस विमानात!"

"मग मारली उडी?"

"दोनदा. पहिल्यांदा कलमा म्हणत."

"आणि दुसऱ्यांदा?"

"जरा जोरात म्हणत."

पोरं हसली. मला हसू येईना. इतकी विमानं पाडली मी, पण कधी अंगावर काटा आला नव्हता. तो आता आला, एका टेबलक्लॉथकडे बघून. या माणसाने आपल्या हातांवर भरवसा ठेवून आभाळात पाऊल टाकलं होतं, आणि मी त्याला उसनं शौर्य चिकटवत बसलो होतो.

मी माइक ओढला. "पोरांनो, चाचांना पायलट मी केलं. ती गोष्ट माझी. खोटी."

मागच्या बाकांवरून अशी शिट्टी आली म्हणता! बाईंचा चेहरा मी पाहिलाच नाही. चाचांनी टेबलक्लॉथ पुन्हा उलगडला आणि त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"धर नीट. न्हाई तर परत पहिल्यापासून."

मी धरलं. दोन्ही हातांनी.