जाड पाकीट
डिंकाचा वास आला की मला सुरतेतली ती दुपार आठवते. खाली मागांची खडखड चालू होती आणि पोस्टमनने दिरांच्या नावाचं, डिंकाने चिकटवलेलं जाड पाकीट माझ्या हातात दिलं. दीर कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांनी एक नवी सिद्धता लिहून दूरच्या गणिताच्या मासिकाकडे पाठवली होती, आणि उत्तराची वाट बघताना दोन महिने ते धड जेवले नव्हते. "जाडुं पाकीट छे, भाभी, काम थई गयुं," शेजारीण म्हणाली, आणि काम झालंच असं धरून मी चाळभर साखर वाटली. दीर आले ते पाकीट हातात घेताच खाली बसले. "वहिनी, पसंत पडलं असतं तर नुसतं पत्र आलं असतं. हे माझेच कागद परत आलेत." मला मान वर करवेना. ते मात्र पाकीट फोडून वाचत राहिले. कुणा अनोळखी जाणकाराने लाल शाईने सातव्या पानावरची चूक दाखवली होती. "चाळ मला हुशार म्हणते, वहिनी, पण याने ओळ न् ओळ वाचलीय," ते म्हणाले आणि त्या दिवशी पोटभर जेवले. मी हे सगळं लिहिते ती ही वही पेटीत तळाशी ठेवते, कुणाला दाखवत नाही. तरी चूक काढायला का होईना, कुणीतरी ती वाचावी, असं हल्ली सारखं वाटत राहतं.