एक डोळा कागदाला, एक आभाळाला

केलसुमच्या दोन डोळ्यांचं जन्मापासून पटलं नाही. डाव्याला वीतभर अंतरावरच्या मुंगीच्या मिशा दिसत, पण अंगणातला माड म्हणजे नुसता हिरवा धूर. उजव्याला नदीपलीकडच्या मशिदीची कौलं मोजता येत, पण हातातली सुई दिसत नसे. गावातली पोरं तिला 'एकडोळी मेक', म्हणजे एकडोळी बाई, म्हणत. म्हणोत बापडी.

मलेशियातल्या केलांतान प्रांतातल्या त्या गावात तिचा नवरा डेरामन बांबू तासून वाऊ बांधायचा. वाऊ म्हणजे चंद्रकोरीच्या शेपटाचा, पुरुषभर उंचीचा पतंग. त्यावरची कागदी वेल कोरायची ती केलसुमनं. एका कोपऱ्यातून निघालेली वेल दोन्ही पंखांवरून फिरून यायची आणि मधे कुठंही तुटायची नाही. उजवा डोळा मिटून, कागद नाकाला लावून ती कोरायची. मग भातकापणी झालेल्या रानात वाऊ चढला, की डावा डोळा मिटायचा आणि वर बघून हाळी द्यायची, "डावा पंख जड हाय. उतरव अन् तास!"

डेरामन निमूट उतरवायचा. तीस वर्षांत एकदाही ती चुकली नव्हती.

लेक सुहैदा कोता भारू शहरात डोळ्यांच्या एका दवाखान्यात कामाला. पुढच्या महिन्यात तिचं लग्न.

"मा, सासरची माणसं येणार. त्यांच्यासमोर असा एक डोळा मिटून बसणार का तू?"

"मग काय, दोन्ही मिटून बसू?"

चष्मा करून झाला होता. त्यातून एका डोळ्याला पायरी मोठी दिसे, दुसऱ्याला लहान. दोनदा ती जिन्यावरून कोसळली. म्हणून डॉक्टर म्हणाले, डाव्यावर लेझर करू, दोन्ही डोळे लांबचं बघतील. आधी आठ दिवस हे भिंग त्या डोळ्यात घालून बघा, ऑपरेशननंतर असंच दिसेल. सुहैदानं तारीखही घेऊन टाकली.

पहिला दिवस मोठा मजेत गेला, हे केलसुम कबूल करायची. दोन्ही डोळ्यांनी तिनं नदी पाहिली, शेजारच्या बकऱ्या पाहिल्या, डेरामनचा चेहरा पाहिला.

"इतकं म्हातारं कधी झालासा वो?"

"तू बघत नव्हतीस तवा," डेरामन म्हणाला.

तिसऱ्या दिवशी ती कागदाला बसली. कागद नाकाशी नेला, तर त्यावर धुकं. लेकीनं धाडलेला वाचायचा चष्मा वरून चढवला. रेघ दिसली, पण रेघेची कड दिसेना. पातं सरकलं आणि वेल देठापाशी तुटली. फूल मांडीवर पडलं.

डेरामननं मागून चिकटपट्टी लावली. "आभाळात कोण बघाया जातंय?"

"मी," केलसुम म्हणाली. तिनं तो कागद चुलीत घातला आणि डोळ्यातलं भिंग काढून डबीत.

ठरल्या दिवशी मात्र ती दवाखान्यात गेली. सुहैदाला वाटलं, आईचं मन वळलं. डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढं सरकवला.

"मेक, इथं सही."

"डॉक्टर, ह्या डोळ्याला रोग हाय का?"

"रोग नाही. लांबचं दिसत नाही, नंबर मोठा आहे इतकंच."

"ऑपरेशन झाल्यावर ह्यो पुन्हा नाकाजवळचं बघंल?"

डॉक्टर खरा माणूस. "नाही. या वयात चष्मा लागेल."

केलसुमनं कनवटीचं बारकं पातं काढलं. "मा!" सुहैदा ओरडली. पण तिनं संमतीचा कागद मधोमध दुमडला, उजवा डोळा मिटला आणि नाक लावून कोरू लागली. बाहेर नंबर लावून बसलेल्यांनी दारातून माना आत घातल्या. कागदाचा चुरा टेबलावर पडत गेला. मग तिनं घडी उलगडून डॉक्टरांपुढं धरली.

"वेल कुठं तुटलीय, सांगा."

डॉक्टरांनी कागद उजेडाला धरला. बोट फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. बोट कुठंच थांबलं नाही.

"आता हे बघा." तिनं डावा मिटला आणि खिडकीबाहेर पाहिलं. "त्या टाकीवर कावळा बसलाय. त्याच्या चोचीत केस हाईत."

डॉक्टरांना टाकी दिसली. कावळा दिसला नाही.

"लोक म्हणत्यात ह्या डोळ्यांचं पटत नाही. पटायचं कशाला? दोघांनी कामं वाटून घेतल्यात. एकाला दुसऱ्याच्या कामावर लावलं, तर पहिल्याचं काम कोण करणार, तुम्ही?"

"तारीख रद्द करतो," डॉक्टर म्हणाले. "वर्षातून एकदा तपासायला मात्र या."

"ते येईन की."

लेकीच्या मोटारसायकलवर मागं बसून ती गावाकडं निघाली. नाक्यावर गोकर्णीच्या फुलांनी रंगवलेला निळा भात खायला थांबल्या, तेव्हा सुहैदानं विचारलं.

"आणि लग्नातल्या फोटोत काय करणार?"

केलसुमनं माशाच्या खारात घास बुडवला.

"फोटोवाला कॅमेऱ्यात बघताना एक डोळा मिटतोच. त्याला कुणी ऑपरेशन कर म्हणतं का? खा आता. उद्या नवी वेल कोरायचीय."