कांबळे सरांच्या तक्त्यातला खोडलेला रकाना

भीमराव कांबळे सरांशी माझी ओळख बोलणी खाऊन झाली. हवाई दलात विमानांवर शस्त्रं चढवणारे तंत्रज्ञ म्हणून उमेदीची वर्षं काढून ते कात्रपला स्थायिक झाले होते. अंबरनाथच्या आमच्या शाळेत व्याख्यानाला आले, तेव्हा आभार मानताना मी म्हणाले, "सर, सगळ्यांत भारी विमान कोणतं, तेही सांगून टाका."

ते तडकले. "मॅडम, तुम्ही विज्ञान शिकवता ना? भारी कोणासाठी? वर बसलेल्यासाठी की खाली खंदकात पडलेल्यासाठी?"

लढणाऱ्या पायदळाच्या अगदी पुढ्यात, शत्रूवर मारा करणारी विमानं हा सरांचा आयुष्यभराचा अभ्यास. अमेरिकी ए-१० संथ उडतं, म्हणून वैमानिकाला खालचं नीट दिसतं, भोवती जाड कवचही असतं. पण शत्रूची लढाऊ विमानं आकाशात मोकळी फिरत असली की तोच संथपणा जिवावर बेततो. रशियन सुखोई-२५ तसंच चिलखती, पण जास्त वेगवान. आपलं जॅग्वार जमिनीलगत सुसाट येऊन घाव घालतं. ठरलेल्या लक्ष्यासाठी उत्तम, पण दोन्हीकडचे सैनिक भिडलेले असताना आपला कोण हे ओळखायला त्याच्या वैमानिकाला क्षणभरच मिळतो. सरांनी कोणत्याच विमानाची आरती केली नाही.

आमच्या विज्ञान मंडळाने विठ्ठलवाडीला भरवलेल्या प्रदर्शनासाठी त्यांनी या तुलनेचा तक्ता केला. शेवटचा रकाना होता, 'मारा चुकला तर आपले जवान किती जवळ?' मंडळाच्या अध्यक्षांनी तो खोडला. "पब्लिकला जोश पाहिजे. हे निगेटिव्ह वाटतं." मी सचिव होते. मान डोलावली. त्याची चीड मला आजही येते.

उद्घाटनाला सरांनी छापील तक्ता वाचला, खिशातून पेन काढलं आणि खालचं स्वतःचं नाव खोडलं.

"अहो, पाहुणे बघतायत!" अध्यक्ष ओरडले.

"बघू द्या. अर्धवट खरं माझ्या नावावर खपवू नका."

गर्दीतून बारवी धरणाकडचे एक निवृत्त जवान पुढे आले. "सायेब, काय व्हता त्यात?" सरांनी सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर हाय. विमानाचा आवाज आला का आमी पयली निशाणीची कापडं पसरायचो. आपल्याच मानसानं आपल्याला वळखलं पायजे ना!"

सरांनी त्यांना स्टेजवरची खुर्ची आणून दिली, स्वतः उभे राहिले आणि त्यांचा शब्द न् शब्द लिहून घेतला. पाहुणे तोवर चहाला गेले होते.

मी सचिवपदाचा राजीनामा दिला आणि ते सांगायला कात्रपला गेले. सर म्हणाले, "राजीनाम्यानं काय होतं? रकाना छापा."

तेच अध्यक्ष आज सत्कारात सरांना शाल पांघरवणार आहेत. खुशाल पांघरवावी. सरांच्या या गौरवग्रंथात आम्ही तो तक्ता, शेवटच्या रकान्यासह आणि त्या जवानांच्या बोलण्यासह, पूर्ण छापला आहे. अध्यक्षांची हरकत होती. तरीही छापला आहे.

सर, आपली प्रकृती ठणठणीत राहो, नजर अशीच करडी राहो. शंभरी गाठा. आम्हांला मान डोलावायची फार सवय आहे. ती मोडायला आपण हवे आहात.