गाळाचा किल्ला

२५ ऑक्टोबर, रविवार. खालच्या खोलीतला गाळ काढायचा होता. तारीख लक्षात राहिली, कारण भिंतीवरच्या कॅलेंडरवर दहा चौकटी पुढे वन्संनी पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती. त्या दिवशी त्यांची परतीची गाडी होती. तिकिटं काढून झाली होती, एक पूर्ण आणि एक अर्धं. अर्धं तिकीट माझ्या मुलीचं होतं.

आम्ही बनारसला, अहिल्याबाई घाटाच्या वरच्या गल्लीत राहत होतो. यांची रेल्वेत नोकरी, मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. मुलगी चार वर्षांची असताना मला कावीळ झाली. दुखणं वाढत गेलं, तेव्हा यांची थोरली बहीण, आमच्या वन्सं, साताऱ्याहून आल्या आणि मुलीला घेऊन गेल्या. चार महिन्यांकरता नेलेली मुलगी दीड वर्ष तिकडे राहिली. आधी माझं आजारपण, मग अशक्तपणा, मग शाळेतली बदललेली वेळ, एकामागून एक कारणं निघत गेली. श्रावण संपताना वन्सं तिला घेऊन आल्या तेव्हा ती साडेपाच वर्षांची होती आणि मला कुठल्याच नावाने हाक मारत नव्हती. काही हवं असेल तर आत्याच्या कानात सांगायची.

"दिवाळीपर्यंत बघू," वन्सं म्हणाल्या होत्या. "रमली तर तुझी. नाहीतर भाऊबीज झाली की माझ्याबरोबर परत. पोरीचे हाल नकोत."

यात चुकीचं काही नव्हतं. मीही हो म्हटलं.

दोन महिने मी प्रयत्न केले. बाहुली आणली, ती तिने पलंगाखाली ठेवली. लाकडी खेळण्यांच्या दुकानातून रंगीत वाजंत्र्यांचा संच आणला, ढोलवाला, शहनाईवाला, झांजवाला. तो कपाटावर गेला. मी तिच्यासमोर जमिनीवर बसायचे आणि म्हणायचे, "चल, खेळू या." ती माझ्याकडे बघायची. तिलाही कळत होतं की मला खेळता येत नाही. मला काम येतं. लहानपणीही मी भातुकलीत खोटा भात शिजवला नाही. सरळ आईच्या चुलीशी जाऊन बसायचे.

तर त्या रविवारी मी पदर खोचून गाळ काढत होते. दर वर्षी गंगा चढली की आमच्या खालच्या खोलीत येते आणि उतरताना वीतभर गाळ सोडून जाते. घाटावर तो पाण्याच्या मोठ्या नळांनी धुऊन काढतात. घरात फावडं आणि बादली. अर्धी खोली झाल्यावर मागे बघितलं तर मुलगी पायरीवर उभी.

वरून वन्संचा आवाज आला. "अगं, चिखलात उतरू नकोस! सर्दी होईल!"

मी म्हटलं, "बादली धर."

तिने धरली.

मी फावड्याने गाळ टाकत होते, ती दोन्ही हातांनी कडी धरून उभी होती. चवथ्या बादलीला तिने एक बोट गाळात खुपसलं. मऊ, राखाडी, खडा नाही, काडी नाही. बोट बाहेर काढून तिने बघितलं आणि बादलीलाच विचारलं, "याचा किल्ला होतो?"

साताऱ्याला मागच्या दिवाळीत गल्लीतल्या मुलांनी किल्ला केला होता. मोठ्या पोरांनी हिला हात लावू दिला नव्हता. ही गोष्ट वन्संनी मला आधी सांगितली होती. मी ती विसरले होते.

"होतो," मी म्हटलं. "गाळ अंगणात न्यायचा. तू जागा दाखव."

तिने पिंपाजवळचा कोपरा दाखवला. विटा रचल्या, त्यावर जुनं पोतं अंथरलं आणि वरून गाळ थापला. आमच्याकडे किल्ला असाच करतात, दगड, पोतं, माती. संध्याकाळपर्यंत तट उभा राहिला, गुळगुळीत, देखणा. मी स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात तो वरपासून खालपर्यंत फुटला. भेगा एवढ्या की आत माझं बोट जाईल. मुलगी रडली नाही. जिन्याजवळ जाऊन म्हणाली, "आत्या, फुटला."

वन्सं खाली आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अगं, काशीची माती ती. मोक्षाला चांगली, किल्ल्याला नाही. किल्ला हवा तर साताऱ्याची लाल माती हवी."

मुलगी आत्याचा हात धरून वर निघाली. मला सगळ्यात जास्त ते लागलं.

तेवढ्यात गोवऱ्या विकणारी म्हातारी दारातून आत आली. तिने टोपली उतरवली आणि भेगांकडे बघून हसायलाच लागली.

"घरौंदा बनत हौ का, बहिनजी?"

इकडे दिवाळीला मुली मातीचं छोटं घर करतात आणि त्यात लक्ष्मी बसवतात, त्याला घरौंदा म्हणतात. मी म्हटलं, घरौंदा नाही, किल्ला.

"किला? त लछमी जी कहाँ बइठिहन?"

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून उत्तर आलं. "लक्ष्मी नाही बसत. महाराज बसतात."

"कौन महाराज? रामनगर वाले?"

"आमचे!" मुलगी एवढ्या जोरात ओरडली की वन्संनी तिचा हात सोडला.

म्हातारीने मान डोलावली. तिच्या दृष्टीने महाराज गंगेपलीकडच्या रामनगरच्या गादीचे असोत नाहीतर साताऱ्याचे, भिंत भिंतच होती. "खाली माटी से ना होई. भूसा मिलावा, गोबर मिलावा, गोड़ से खूब रौंदा. तब देखा." गोड़ म्हणजे पाय; नुसती माती नको, भुसा-शेण घालून पायांनी तुडवा, असं ती सांगत होती. गाळ नुसता वाळला की आखडतो आणि फाटतो. भुशाने धरून राहतो. गणिताच्या बाईला हे सुचायला हवं होतं. पण मी साताऱ्याची रीत बनारसच्या मातीवर लावली होती.

संध्याकाळी हे पोतंभर भुसा घेऊन आले. शेण म्हातारीने दिलं. मंगळवारी सकाळी फुटलेला किल्ला मी पाडला, सगळं एकत्र केलं, पाणी घातलं आणि साडी गुडघ्यापर्यंत वर खोचून त्यात उभी राहिले. मुलगी कडेला उभी होती.

"ये. माझ्या पायांना जमेल तेवढंच होईल, तुझेही हवेत."

ती आली. शेणाचा वास आला तसं नाक मुरडलं, पण आली. मला गाणी येत नाहीत, म्हणून मी आकडे म्हणायला लागले. एक पाय एक आकडा. विसाच्या पुढे तिला येत नव्हतं, तर मी उलटे म्हणायला लागले. वीस, एकोणीस, अठरा. हे तिला फार आवडलं. सात म्हणताना ती घसरली आणि माझ्या साडीला लटकली. आम्ही दोघी बसलो, चिखलातच, सपकन.

"गवंडी पडला!" ती म्हणाली आणि हसली. परत आल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

"आणि तू कोण?"

तिने थोडा विचार केला. "मी किल्लेदार."

त्यानंतर चार दिवस तिने मला राबवलं. "ए गवंडी, इकडे माती आण." "ए गवंडी, दार वाकडं झालंय, पुन्हा कर." मी पुन्हा करत होते. कपाटावरचे वाजंत्री खाली आले. ढोलवाला मावळा झाला, शहनाईवाल्याला तुतारी मिळाली, झांजवाला पहाऱ्यावर उभा राहिला. महाराज तिने स्वतः केले. मिशा मोठ्या आणि पाय नाहीत, कारण ते बसलेले. गच्चीवरची माकडं म्हणजे शत्रू, त्यांच्यासाठी ती काठी घेऊन बसायची. उतारावर आम्ही मोहरी पेरली. ती रोज सकाळी ओंजळीने पाणी शिंपडायची आणि मातीला डोळा लावून बघायची.

वन्संना ते रुचत नव्हतं. "आईला गवंडी म्हणतात का गं?"

"म्हणू दे," मी म्हटलं. "काहीतरी म्हणतेय ना."

या वेळी भेग पडली नाही. एकही नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तटावर पणत्या लावल्या तेव्हा गल्लीतली दहा-बारा मुलं अंगणात उभी होती. गोवऱ्यावाली म्हातारी नातीला घेऊन आली होती. "एही हम बतवले रहली," ती प्रत्येकाला सांगत होती, मी सांगितलं होतं म्हणून. त्यातलं अर्धं श्रेय तिचं होतंच. मुलगी काठी घेऊन दारात उभी राहिली आणि चपला काढल्याशिवाय कोणाला जवळ येऊ देईना. एका मोठ्या मुलाने बुरुजाला हात लावायला बोट पुढे केलं. तिने काठी आपटली. "विचारून!" आणि मग त्याला लावू दिलं.

भाऊबीज झाली. वन्संनी यांना ओवाळलं, जेवणं झाली, आणि त्यांनी ट्रंक ओढून काढली. मी अंगणात भांडी घासत होते. मुलगी किल्ल्याला पाणी शिंपडत होती.

"चल गं बाळ," वन्संनी हाक मारली. "उद्या गाडी. तुझे फ्रॉक आण."

मी मान वर केली नाही. कढई घासत राहिले. तिने काय म्हणावं हे मी तिला शिकवलं नव्हतं, आणि तेव्हा शिकवणारही नव्हते.

"मला नाही जमणार," मुलगी म्हणाली. "मोहरी अजून पेराएवढीच आहे. आणि मागचा बुरूज राहिलाय. आईला एकटीला बुरूज येत नाही. वाकडा करते."

नळ चालू होता तो मी बंद केला. मग वन्सं खाली आल्या, किल्ल्यासमोर उकिडव्या बसल्या आणि महाराजांच्या मिशा बघत राहिल्या.

"दीड वर्ष मी न्हाऊ-माखू घातलं," त्या म्हणाल्या, "आणि तू शेणा-चिखलाने जिंकलीस होय?"

"जिंकले," मी म्हटलं.

"बघा, लाजसुद्धा नाही!" पण त्या हसत होत्या. डोळे पुसले तेही मी बघितलं. दीड वर्ष मुलीला त्यांनीच भरवलं, निजवलं, वेण्या घातल्या होत्या. मी त्यांच्या ट्रंकेत अनारशांचा डबा भरला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघी साताऱ्याला येऊ असं सांगितलं. "किल्लेदाराला रजा मिळाली तर," वन्सं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संना गाडीत बसवलं. मग खिडकीवर जाऊन अर्धं तिकीट परत केलं. घरी आले तर मुलगी रिकामी बादली घेऊन दारात उभी. गाळ संपला होता आणि मागचा बुरूज व्हायचा होता. मी साडी बदलली नाही. फावडं घेतलं आणि आम्ही घाटाकडे निघालो, ती पुढे, मी मागे.