राखेचं साल

मेलितोन युक्रा तरुण होता तेव्हा सुमाक्रिती डोंगराच्या पायथ्याशी त्याच्यासारखे घोडे कुणाकडे नव्हते. दिसायला बुटके, केसाळ, पण बर्फावर पाय ठरणारे. म्हणून लिमाहून बर्फ खोदणारी माणसं आली, तेव्हा विचारत विचारत त्याच्याच दाराशी येऊन थांबली. एवढ्या उंचीवरच्या विरळ हवेत हेलिकॉप्टर टिकत नव्हतं. यंत्राचे सुटे भाग घोड्यांवरून वर न्यायचे आणि बर्फात नळी घालून काढलेल्या बर्फाच्या कांड्या घोड्यांवरूनच खाली आणायच्या, असं ठरलं.

निघायच्या सकाळी मेलितोननं कोकाची पानं आणि लामाची चरबी जाळून डोंगराची परवानगी घेतली. त्याचा मेहुणा फुलगेन्सिओ कुंपणावर बसून बघत होता.

"दाजी, डोंगराला विचारलंस, आम्हाला कुठं विचारलंस?"

"तू डोंगर आहेस का? तू तर साधं टेकाडही नाहीस!"

सगळे हसले, फुलगेन्सिओसुद्धा. तेव्हा दोघांचं गूळपीठ होतं.

खोदणाऱ्यांमध्ये रोसाउरा नावाची आरेकिपाची एक तरुण इंजिनियर होती. नळीतून निघालेली कांडी ती उन्हात धरायची आणि मेलितोनला हाक मारायची. पांढरा पट्टा पावसाळ्यातल्या बर्फाचा, मळकट रेघ कोरड्या दिवसांतल्या धुळीची. एक जोडी म्हणजे एक वर्ष. खूप खोलवरून आलेल्या एका कांडीत करडा, जाड पट्टा होता.

"हा वायनापुतिना ज्वालामुखी. चारशे वर्षांपूर्वी फुटला तो," ती म्हणाली.

"दिवसाढवळ्या काळोख झाला होता म्हणतात तेव्हा."

"झालाच होता. ही बघा त्याची राख. जिथं राख दिसत नाही, तिथं त्याच्या धुराचा आंबटपणा उतरतो. तो आम्ही यंत्रानं मोजतो. डोंगर विसरत नाही काही."

"मग माझ्या घोड्यांची लीदही लक्षात ठेवेल!"

ती हसता हसता खाली बसली. त्या हवेत हसायलाही दम लागतो.

कांड्या गवतात गुंडाळून, पेट्यांत घालून, ऊन चढायच्या आत त्यानं खालच्या रस्त्यापर्यंत पोचवल्या. एकही फुटली नाही. गावात आठवडाभर तो छाती काढून हिंडला.

त्यानंतर काही वर्षांनी राखेचं साल आलं. पश्चिमेला, कितीतरी डोंगरांपलीकडे साबांकाया ज्वालामुखी पेटला आणि वाऱ्याबरोबर करडी पूड येऊन कुरणावर बसली. खरंतर ती राखच होती की त्या वर्षीची धूळ, यावर पुढं गावाचं एकमत कधीच झालं नाही. लोकरीसाठी पाळलेल्या अल्पाकांची पोटं फुगली. कोकरं उभ्या उभ्या कोसळू लागली. मेलितोनचा धाकटा, इसिद्रो, नुकता रांगायला लागला होता. त्याला खोकला धरला. मेलितोनच्या बायकोनं, देमेत्रियानं, त्याला रात्रंदिवस पोटाशी धरून ठेवलं, पण तो वाचला नाही.

फुलगेन्सिओचा निम्मा कळप मेला. शाळेच्या अंगणात गावाची सभा भरली, तेव्हा तो उठला आणि मेलितोनकडे बोट दाखवून ओरडला, "ह्यानं केलं हे! नळी फोडून डोंगराचा मगज काढला आणि घोड्यावर लादून लिमाला पोचवला. डोंगर गप्प बसेल होय?"

"राख पडली, फुलगेन्सिओ! तुझ्या टोपीवरही पडली होती."

"टोपी झटकली मी. अल्पाका कशी झटकू?"

त्यावर कुणी हसलं नाही.

गावानं त्याला वाळीत टाकलं असं नाही. पण कुणाच्या लेकराच्या बारशाला त्याला धर्मपिता म्हणून बोलावणं येईना. पाण्याची पाळी त्याची सगळ्यात शेवटी. फुलगेन्सिओ सख्ख्या बहिणीच्या दारावरून मान वळवून जायचा. देमेत्रिया त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. तिच्या त्या न बोलण्यानं मेलितोन आतून पोखरत गेला. पोराचं नाव निघालं की ती उठून शेणी गोळा करायला जायची. हिच्याही मनात तेच आहे का? विचारायचा त्याला धीर झाला नाही.

पुढच्या वर्षी रोसाउरा वाटेत भेटली. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "ते साल वर बर्फात जमा झालंय, मेलितोन. पुढच्या वेळी खोदू तेव्हा राख पडली का, किती पडली, सगळं निघेल. मी गावासमोर उभी राहून सांगेन."

या एका वाक्यावर त्यानं आयुष्य काढलं. पण पुढची वेळ येईना. खोदणारे विचारायला आले की गाव दगड घेऊन उभं राही. सुमाक्रितीचा बर्फ मात्र दरवर्षी मागे सरत होता. खाली काळा खडक उघडा पडला, पाणथळ कुरणाच्या कडा करपल्या. तरुण पोरं सोन्याच्या खाणींवर गेली ती तिकडचीच झाली. मेलितोनची मुलगी एर्मेलिंदा लग्न करून जुलियाका शहरात गेली. शेवटी एकदा परवानगी मिळाली, ती नकार द्यायला कुणी उरलं नाही म्हणून. फुलगेन्सिओ तेव्हा गावाचा मुखिया होता.

"खोदू दे की," तो म्हणाला. "आता राहिलंय काय त्यात?"

रोसाउराचे केस पिकले होते. मेलितोनकडे दोनच घोडे उरले होते. तो खोगीर आवळत असताना देमेत्रिया दारात येऊन उभी राहिली.

"ह्या वयात वर जाऊन काय दिवे लावणार आहेस?"

"खाली आलो की तुझ्या भावाला सगळ्यांसमोर ऐकवणार."

"त्याला ऐकू येत नाही हल्ली."

"मग कानात ओरडेन!"

वर पोचल्यावर त्याला जागा ओळखता येईना. जिथं स्वच्छ बर्फ होता तिथं काळा चिखल, आणि त्यातून पाण्याच्या चिळकांड्या वाहत होत्या. कांड्या ओल्या निघत होत्या, हातातच ठिबकत होत्या. रोसाउरा आता कुणालाही हाक मारून काही दाखवत नव्हती. पहिल्या कांड्यांची तपासणी झाल्यावर ती त्याच्याजवळ येऊन बसली.

"मेलितोन, आपण ज्यावर बसलोय ना, तो बर्फ तुमच्या आजोबांच्या काळातला आहे."

"मग त्याच्या वरचा?"

"वितळला. तुम्ही जन्मलात तेव्हापासूनचा सगळा."

तो बराच वेळ घोड्याची आयाळ विंचरत राहिला.

"मागं मी नेल्या त्या पेट्यांत असेल ना थोडंसं?"

"त्या राखेच्या आधीच्या."

"दुसऱ्या एखाद्या डोंगरावर?"

"असेलही. पण तिथं राख सापडली म्हणून तुमच्या कुरणावर पडली, असं कसं म्हणू?"

"म्हणजे ते साल आमच्या जनावरांनी पिऊन टाकलं," तो म्हणाला.

"मी तरी सांगते गावाला. राखच होती म्हणून सांगते," ती म्हणाली.

"काय दाखवून सांगाल?"

तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. ती त्याच्या शेजारी बसून राहिली, आणि खोदणाऱ्यांनी कांडी तयार आहे म्हणून हाका मारल्या तरी उठली नाही.

तो खाली आला तेव्हा फुलगेन्सिओ शाळेच्या भिंतीला टेकून उन्हात बसला होता. शाळा बंद पडली होती. त्यानं कानामागे हात धरला.

"काय निघालं, दाजी?"

राख निघाली, असं सांगता आलं असतं. वर जाऊन खातरजमा करणारं गावात कोण होतं?

"काही नाही निघालं," मेलितोन म्हणाला.

"काहीच नाही?"

फुलगेन्सिओचा चेहरा उतरला. तोही काहीतरी निघण्याची वाट बघत होता, हे मेलितोनला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दोन उन्हाळ्यांत झरा आटला. अल्पाका विकून मेलितोन आणि देमेत्रिया लेकीकडे जुलियाकाला गेली. विटांच्या, अर्धवट बांधलेल्या घरात त्यांना मागची खोली मिळाली. तिथं बसून चुन्योचं, गोठवून वाळवलेल्या बटाट्यांचं, सूप प्यायचं, रस्त्यावरच्या रिक्षांचे भोंगे ऐकायचे, एवढंच उरलं. फुलगेन्सिओ गेल्याची बातमी आली तेव्हा दोघं बसनं गावाला गेली. शवपेटीला खांदा द्यायला माणसं पुरत नव्हती, म्हणून मेलितोननं त्या वयातही दिला.

परतीच्या बसमध्ये त्यानं शेवटी विचारलं.

"देमेत्रिया, इसिद्रो गेला तो माझ्यामुळं, असं तुलाही वाटायचं का?"

ती खिडकीबाहेर बघत होती.

"कधी वाटायचं," ती म्हणाली. "कधी नाही वाटायचं."

मग तिनं शालीखालची कोकाची पुडी सोडली, त्याला थोडी पानं दिली, आणि जुलियाका येईपर्यंत दोघं ती चघळत बसली.