होर्पिनाआजीची चोरीला गेलेली भट्टी

विश्नेवा बाल्का गावात लग्न असो की मयत, दारू होर्पिनाआजीच्याच हातची. साखरबिटाची, पाण्यासारखी नितळ. दुधाच्या जुन्या कॅनला तांब्याची वेटोळी नळी जोडून नवऱ्याने भट्टी बनवली होती. नवरा गेला, भट्टी राहिली. उलटं झालं असतं तर जड गेलं असतं, असं आजी म्हणायची.

रशियन सैनिक गावात शिरले, तेव्हा तिने भट्टी रजईत गुंडाळून बटाट्याच्या वाफ्यात पुरली. सैनिक गेले, तरी वर काढली नाही. उलट फाटकात उभं राहून हंबरडा फोडला, "नेली मेल्यांनी! माझी भट्टी नेली!"

जन्मभर गावाला ओतून देऊन ती कंटाळली होती. शिवाय सहानुभूती अंगाला मानवली. कुणी अंडी आणून देई, कुणी मध. शेजारचा पानास तर रोज विहिरीवरून तिच्यासाठी पाणी आणू लागला. त्याची बाजूगाडीवाली मोटरसायकलही सैनिकांनीच पळवली, असं तो सांगे. आधी तिच्यातून जाणारी बाजाराची पोती आजी आता हातगाडीवर ढकलत नेई. दोघं फाटकाशी बसून आपापल्या चोरीबद्दल हळहळत.

यंदा बर्फ वितळल्यावर गावातला ओस्ताप ट्रॅक्टरसकट शेतातल्या सुरुंगाने उडाला. त्यानंतर हुकूम निघाला : जमीन तपासल्याशिवाय कुदळ मारायची नाही. बटाटे लावायचे दिवस सरत आले, पोत्यातल्या बेण्याला लांब कोंब फुटले, तेव्हा कुठे सुरुंग काढणारी तुकडी आजीच्या दारात आली. तुकडीची प्रमुख सोलोमिया ही आजीच्या नातीच्या वयाची. तिने सगळी गल्ली रिकामी केली आणि लोकांना दूर, धोक्याच्या फितीमागे उभं केलं.

धातू शोधणारं यंत्र वाफ्यावर फिरलं आणि किंचाळलं. सोलोमिया फितीपाशी परत आली.

"मोठं धूड आहे, आजी. हात लावण्यात अर्थ नाही. जागेवरच उडवू."

"उडवू?" आजीचा चेहरा उतरला. "अगं पोरी, काहीतरी भांडंबिंडं असेल."

"कसलं भांडं?"

"दुधाचा कॅन."

"कॅन तर सुरुंग भरायलाही वापरतात. मग उडवायलाच हवा."

"त्याला नळी आहे गं!"

पानासने मान वर केली. "तांब्याची?"

आजीने एकदा वाफ्याकडे पाहिलं, एकदा गल्लीकडे. "उडवू नका. माझी भट्टी आहे ती."



"पण होर्पिना, ती तर चोरीला गेली होती," पानास म्हणाला.

"परत आली."

"जमिनीखालून?"

"रस्त्यावर सुरुंग होते ना!"

सोलोमियाने तोंड फिरवलं. तिचं चिलखत हसण्याने हलत होतं. तरी तिने नियम सोडला नाही. तुकडीने आधी बोटांनी माती उकरली, मग दोर बांधून लांबून ओढलं. भट्टी रजईसकट वर आली, पोचासुद्धा न पडता.

"आता पानासआजोबांचं अंगण," सोलोमिया म्हणाली.

"माझं साफ आहे," पानास घाईने म्हणाला. "तुम्ही दमला असाल. पुढच्या घरी जा."

आजी सावकाश त्याच्याकडे वळली. "काय रे, तुझी ती लाकडांची रास इतके दिवस एकाच जागी कशी? हिवाळाभर माझ्याकडून सरपण मागत होतास."

पानास टोपी काढून आत काहीतरी शोधू लागला.

"मोटरसायकल परत आली का रे?"

"बाजूगाडीसकट," तो टोपीतच बोलला.

मागे कुणीतरी खोकलं. शाळेच्या बाई फितीखालून वाकून निघाल्या; आपल्या अंगणाची काही घाई नाही, असं त्या न विचारताच सांगून गेल्या.

त्याच दिवशी बटाटे लागले. सऱ्या पानासने ओढल्या, मुकाट्याने. आजीची पोती आता बाजूगाडीतून बाजारात जातात. पाणी तो अजूनही रोज आणतो. भट्टीची नळी गार ठेवायला ते लागतंच.