दगडाला हाक

"दगडाला आधी हाक मारावी, मग हात लावावा." ठोक्याचं हे बोलणं वस्तीतल्या लहानथोरांना पाठ होतं. खाणीत छताखाली पाऊल टाकण्याआधी तो हातोड्याने दगड ठोकून बघे. खणखणला तर घट्ट, बद्द वाजला तर सुटलेला. त्यावरूनच त्याचं नाव ठोक्या पडलं. आईबापांनी ठेवलेलं नाव त्याच्या वहिनीखेरीज कुणाच्या ध्यानात नव्हतं, आणि ती तर त्याला भाऊजीच म्हणे.

डोंगर असा आडबाजूला, की वाट चुकलेला माणूसही तिथवर पोचत नसे. कोण्या काळी त्याने आग ओकली, ती थिजून दगड झाली, आणि त्या दगडाच्या भेगांत चांदी उतरली. चांदी म्हणजे चकाकणारच, असं ज्याला वाटतं त्याने ती दगडात पाहिलेली नाही. फिकट दगडात ती काजळाच्या रेघेसारखी पडून असते. चाकूने खरवडली की मगच आतली लकाकी दाखवते. त्या काळ्या रेघेमागे कंपनी आली, कड्याच्या पोटात बोगदा गेला, आणि एका दुपारी बोगद्याचं छत बसलं. बाकीचे बाहेर पळाले. ठोक्याचा थोरला भाऊ आत राहिला.

कोंडलेल्या माणसाला बाहेरून ठोकून हाक द्यायची आणि आतल्याने ठोकून ओ द्यायची, ही खाणीची रीत. त्या संध्याकाळी ठोक्याने कडा ठोकला, दगडाला कान लावला आणि ओरडला, "ओ आली! डावीकडून आली!" सगळी वस्ती डाव्या अंगाला खणायला लागली. वहिनीने पदर खोचून टोपल्या वाहिल्या. हातांची सालं निघाली, पण भाऊ काही हाती लागला नाही. कंपनीने गाशा गुंडाळला. चांदी तपासायला ड्रिलने काढलेल्या दगडी कांड्यांच्या पेट्या शेडमध्ये राहिल्या, आणि त्यांची राखण करायला ठोक्या राहिला.

तेव्हापासून दिवस कलला की तो कड्याशी जाई आणि डाव्या अंगाला ठोके. थोड्या वेळाने आतून येई, टक्. मग पुन्हा, टक् टक्. त्याने एक दिवसही चुकवला नाही. खाली येऊन वहिनीच्या दारात म्हणे, "ओ दिली आज." वहिनी "बरं" म्हणे आणि ताट वाढे.

वस्तीतले टवाळ विचारत, "काय ठोक्या, दादा काय म्हणतो? सापडली का चांदी?"

"म्हणतो, टवाळांना पाठव, आत जागा आहे."

ठोक्याच्या केसांत म्हातारपण उतरलं तेव्हा दुसरी कंपनी आली. तिची मोजणीवाली बाई तोंडावर बोलणारी. वहिनीच्या ओट्यावर बसून म्हणाली, "बोगदा पुन्हा उघडायचाय. सुरुंग लावावे लागतील. आत तुमचं माणूस आहे म्हणतात. तुम्ही नको म्हणालात तर आम्ही दुसरीकडून जाऊ."

"नकोच," ठोक्या म्हणाला. "तो अजून बोलतो."

मोजणीवालीने वहिनीकडे पाहिलं. वहिनी सावकाश म्हणाली, "मला एकदा ऐकू द्या."

"मग संध्याकाळी चला, वहिनी."

"नाही, सकाळीच जाऊ."

उजाडता उजाडता दोघं कड्याशी पोचली. ठोक्याने डाव्या अंगाला हाक दिली. पुन्हा दिली. दगड गप्प.

"तो संध्याकाळीच बोलतो," ठोक्या म्हणाला.

"हे? आणि संध्याकाळी?" वहिनीला हसू आलं, पण ते ओठांतच विरलं. "अहो, डोळे उघडायच्या आधी यांचं तोंड उघडायचं. पहाटे अंथरुणातूनच बडबड सुरू. संध्याकाळी दमून आले की हूं नाही की चूं नाही. भाऊजी, हे ते नव्हेत."

ठोक्याने कड्यावर तळहात टेकला. उन्हाने तापलेला कडा दिवस कलला की निवतो आणि निवताना तडकतो, हे खाणीतलं शेंबडं पोरही जाणतं. त्याला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? पण ते मानलं, तर त्या दिवशीची ओ देखील दगडाचीच. मग सगळ्या वस्तीला चुकीच्या अंगाला खणायला लावलं कुणी? भाऊ आत जिता असताना?

"मलाही ऐकू आलं होतं," वहिनी म्हणाली. "मीही डावीकडेच धावले. एकट्याने नका वाहू."

दिवसभर दोघं तिथेच बसली. ऊन कलायला लागलं तसा ठोक्याचा हात सवयीने हातोड्याकडे गेला. वहिनीने हातोडा काढून घेतला. "आज हाक मारायची नाही."

सूर्य टेकला. कुणी न ठोकता कडा बोलू लागला. चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखा, इथे टक्, तिथे टक्, सगळ्या डाव्या अंगभर. तिथे कुणी नव्हतं. कधीच नव्हतं. ठोक्याने गुडघ्यांत तोंड घातलं. वहिनीने त्याला पोटभर रडू दिलं.

"उठा," शेवटी ती म्हणाली. "लावा म्हणावं सुरुंग."

कडा निवला, गप्प झाला. आणि मग उजवीकडून आलं, टक्.

उजव्या अंगाला डोंगराचा खांदा आडवा येतो. तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत सावली, दगडावर ओलं शेवाळ.

टक्.

"तिकडे ऊन पडत नाही," ठोक्या कुजबुजला.

"नाही पडत."

तो कान लावायला निघाला तशी वहिनीने त्याचं मनगट धरलं. "नका. आता ऐकायचं नाही, भाऊजी, खणायचं. सुरुंग नको म्हणावं. हातांनी, आणि उजवीकडून. हाडं तरी घरी येऊ देत."

ठोक्या कंपनीच्या तंबूच्या वाटेला लागला. हातोडा वहिनीपाशीच राहिला होता, त्यामुळे त्याचे दोन्ही हात रिकामे हलत होते. खाली तंबूच्या दारात उभी असलेली मोजणीवाली, हा माणूस इतक्या घाईने का उतरतोय, म्हणून बघत राहिली. वर वहिनी त्याच्या पाठीकडे बघत होती. सावलीतल्या कड्याकडे तिने एकदाही मान वळवली नाही.